पुढचे दोन, मागचे तीन

बिस्किटांच्या डब्याचं झाकण 'टक्' करून उघडलं आणि स्नेल्थॉर्प गावच्या सभागृहात चार मिनिटं चाललेली शांतता मोडली.

शांतता मोडण्याचा मान तिथे नेहमीच खजिनदार मॉड स्क्रिम्शॉबाईंचा, कारण डबा त्यांचा. बाकीच्या सहा सभासदांनी एकेक आल्याचं बिस्कीट उचललं, आणि चिटणीस ब्रायनी थर्लो हिनं इतिवृत्तात लिहिलं : 'विषय क्रमांक तीनवर सखोल चर्चा झाली.'

शस्त्रांच्या बाबतीत एक सनातन सत्य आहे. जे शस्त्र वापरलं जातं, ते मोडतं, गंजतं आणि लोक त्याला विसरतात. जे वापरलं जात नाही, त्याची मात्र पिढ्यानपिढ्या सेवा करावी लागते. स्नेल्थॉर्प गावाच्या नशिबी अशीच सेवा आली होती. गावाबाहेरच्या जुन्या विमानतळावर, कोबीच्या शेतांच्या कडेला, एक व्हल्कन बाँबफेकी विमान उभं होतं. त्रिकोणी, अवाढव्य आणि निवृत्त. शत्रूच्या राजधानीवर अणुबाँब टाकून यावं एवढ्या साध्या कामासाठी ते बांधलं होतं, आणि ते काम कुणी कधी सांगितलंच नाही. ऐन तारुण्यात त्याला पांढराशुभ्र रंग होता, म्हणजे स्वतःच टाकलेल्या बाँबची धग स्वतःला लागू नये. आतल्या माणसांना एका डोळ्यावर बांधायला पट्टी दिलेली असे, म्हणजे त्या उजेडानं एक डोळा गेला तरी दुसरा शिल्लक. (दूरदृष्टी म्हणतात ती हीच.) पुढे एकदाच, दूर दक्षिणेला, त्याच्याच जातीच्या दुसऱ्या एका विमानानं शत्रूच्या धावपट्टीवर एकवीस साधे बाँब टाकले. त्यातला एक लागला. स्नेल्थॉर्पमध्ये याला शंभर टक्के यश म्हणतात.

गावात या विमानाला 'बाईसाहेब' म्हणत. बाईसाहेबांची देखभाल करणाऱ्या मंडळाचं ठाम मत होतं, की युद्धानंतरच्या काळातलं सर्वांत महत्त्वाचं ब्रिटिश लष्करी विमान ते हेच. यावर दुमत नव्हतं. मात्र अकरा मैलांवरच्या ब्रॅथर्बी गावातही दुमत नव्हतं. त्यांच्याकडे त्या दक्षिणेच्या स्वारीत वाटेत हवेतल्या हवेत इंधन पाजणाऱ्या विमानांच्या जातीचं एक विमान होतं. पाजायला अकरा लागली आणि बाँब टाकायला एक, तेव्हा आपलं विमान अकरा पटींनी महत्त्वाचं, असा त्यांचा हिशोब. दोन्ही गावांतल्या लोकांची आपसांत लग्नं होत, पण लग्नात हा विषय निघत नसे.

ब्रायनी या मंडळात आली ती विमानाच्या प्रेमापोटी नव्हे. ती आली एक यंत्र परत मागायला. सभागृहाला लागून पत्र्याची एक अर्धगोल बराक होती, आणि त्यात गावची बालवाडी भरत असे. सतरा मुलं, दोन बाई, गरम हवेचा एक बंब. ब्रायनीची चार वर्षांची नेल तिथे नऊ ते साडेबारा असायची, आणि तेवढ्या वेळात ब्रायनी फ्लॉवरच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला गड्डे निवडायची. बालवाडी आहे म्हणून पाळी आहे, आणि पाळी आहे म्हणून घर आहे, इतकं ते सरळ होतं. सप्टेंबरात बराकीतलं ओल शोषणारं यंत्र मंडळानं 'दोन दिवसांसाठी' विमानात नेलं. ऑक्टोबरात बराकीच्या भिंतीवर बुरशी आली, तेव्हा ब्रायनी सभेला गेली आणि उभी राहून म्हणाली, "ते यंत्र परत मिळेल का, एवढंच विचारायचं होतं."

सभेत आनंदाची लाट आली. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून बोललं होतं. इंग्रज माणसाच्या संस्थांचा एक नियम आहे : जो तक्रार घेऊन येतो, त्याला चिटणीस करतात. त्यामुळे तक्रार मिटते असं नाही, पण ती नीट लिहून ठेवली जाते.

"बदके, तुझं अक्षर सुरेख दिसतंय," अध्यक्ष क्लेमंट हॉल्डनबी म्हणाले. (त्या भागात प्रेमानं बायकांना, पुरुषांना आणि बसच्या चालकाला सारखंच 'बदक' म्हणतात.)

"तुम्ही माझं अक्षर बघितलेलं नाही, मिस्टर हॉल्डनबी."

"हातावरून कळतं," हॉल्डनबी म्हणाले, आणि तिच्यापुढे वही सरकवली.

हॉल्डनबी एकोणऐंशी वर्षांचे. उमेदीत त्यांनी बाईसाहेबांच्या इंजिनांची देखभाल केली होती, आणि त्यानंतर आयुष्यात दुसऱ्या कशाचीच देखभाल त्यांना तितकी महत्त्वाची वाटली नव्हती. त्यांच्या पत्नीचंही हेच मत होतं, पण त्या आता बहिणीकडे राहत.

नोव्हेंबरात वारसा विमान मंडळाचं पत्र आलं. हे मंडळ देशातल्या जुन्या विमानांना 'सर्वांत महत्त्वाचे' असं प्रमाणपत्र देतं. अर्ज चव्वेचाळीस पानांचा होता. पहिली त्रेचाळीस पानं हॉल्डनबींनी एका बैठकीत भरली. अडलं ते एका अटीवर : 'सदर विमानाच्या अंतर्भागाचे तापमान हिवाळ्यात बारा अंशांखाली जाता कामा नये.' बाईसाहेबांच्या अंतर्भागाचं तापमान त्या दिवशी तीन होतं. बराकीचं सतरा. मग जे व्हायचं ते तर्कानं झालं. बराकीतल्या बंबाची गरम हवा एका जाड नारिंगी नळीनं, सत्तर पावलांवर उभ्या विमानाच्या पोटात सोडावी, असा ठराव हॉल्डनबींनी मांडला. मुलं हलू शकतात, उड्या मारू शकतात, डगला घालू शकतात. विमानाला यातलं काहीच करता येत नाही. अनुमोदन स्क्रिम्शॉबाईंनी दिलं.

"कुणाची हरकत?" हॉल्डनबींनी विचारलं.

हीच ती चार मिनिटं. ब्रायनीनं पेन खाली ठेवलं. ती आता बोलणारच होती, पण तिच्या आधी दुसरं कुणीतरी बोलेल, म्हणजे आपल्याला नुसतं 'मलाही तसंच वाटतं' एवढंच म्हणावं लागेल, असं तिला वाटलं. पुढे तपासात निष्पन्न झालं, की सातही जणांना नेमकं हेच वाटत होतं. मग झाकण वाजलं. ठराव सातास शून्य असा मंजूर झाला.

सभेनंतर कप विसळताना मॉडबाई हळूच म्हणाल्या, "मला काही पटलं नाही हो ते. पोरं गारठतील."

"अहो, मग अनुमोदन कशाला दिलंत?"

"क्लेमंटला वाईट वाटलं असतं. बायको गेल्यापासून त्याला कुणी हो म्हणालेलंच नाही."

बाहेर गाडीचं दार उघडताना हॉल्डनबी म्हणाले, "खरं सांगू का बदके, मला वाटलं होतं कुणीतरी थांबवेल मला. पण मॉडनं एवढ्या उत्साहानं हात वर केला. तिला कागदपत्रं करायला आवडतं, हिरमोड कुठे करायचा."

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत का नाही?"

"बोलतो की! दर गुरुवारी सभा असते."

सोमवारी नळी बसली. पहिल्या आठवड्यातली आकडेवारी अशी : विमान चौदा अंश, बराक सहा. वाहती नाकं सतरापैकी सोळा. (सतरावा मुलगा त्या आठवड्यात आजीकडे होता.) हातमोजे घालून चित्र काढल्यामुळे घर, झाड आणि आई यांत फरक ओळखू येईना. डिंक घट्ट झाला. हस्तकलेचा तास रद्द करून त्या जागी 'जोरात पळणे' हा विषय ठेवला. बालवाडीच्या बाईंनी नम्रपणे कळवलं, की असंच चालू राहिलं तर नाताळानंतर बालवाडी बंद ठेवावी लागेल. पत्राच्या शेवटी त्यांनी गैरसोयीबद्दल माफीही मागितली.

पुढच्या गुरुवारी ब्रायनी कारखान्यातून थेट सभेला आली. केसांत फ्लॉवरचे कण, मांडीवर शेंबडी नेल. 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत ती ओठ आवळून बसली. मग तिला राहवेना.

"एक सूचना आहे," ती म्हणाली. "बराकीत थंडी आहे आणि विमानात ऊब आहे. मग पोरांनाच का नाही विमानात बसवत? नाहीतरी सगळी ऊब तिथेच आहे. आणि दुपारच्या खाण्याला बाँबच्या खणात टेबलं मांडा, म्हणजे झालं!"

असं बोलून ती थांबली. आता तरी कुणीतरी लाजेल, खाली बघेल, असं तिला वाटलं.

हॉल्डनबींचे डोळे पाणावले होते. "मॉड," ते म्हणाले, "हे आपल्याला कसं सुचलं नाही?"

"नवं रक्त हो," मॉडबाई म्हणाल्या. "माझं अनुमोदन."

"अहो, मी चिडून बोलले!"

"ते इतिवृत्तात नाही आलेलं, बदके," हॉल्डनबी मायेनं म्हणाले. "वही तुझ्याकडे आहे. सूचना तेवढी लिही, आणि मांडणाऱ्याचं नाव."

ब्रायनीनं लिहिलं. चिटणिसाला स्वतःची सूचना गाळता येत नाही, असा नियम आहे. तो तिनंच गेल्या महिन्यात टंकित केला होता. बाँबच्या खणातल्या जेवणाचा मुद्दा वाऱ्यामुळे पुढे ढकलण्यात आला.

आता एकच पान उरलं होतं, चव्वेचाळिसावं. विमानात मुलं बसणार, म्हणजे 'आणीबाणीत बाहेर पडण्याची योजना' जोडणं भाग होतं. रकाने दोन : कोण, आणि कुठल्या क्रमानं. योजना करायचं काम चिटणिसाकडे आलं, आणि तिच्या मदतीला सिरिल ऑटर यांची नेमणूक झाली. सिरिल शहाऐंशी वर्षांचे, मंडळाचे सर्वांत जुने सभासद. तरुणपणी याच जातीच्या विमानात मागच्या बाकावर बसून ते दिशा सांगायचे. सभेत ते कधीच बोलत नसत. ठराव वाचून झाला की फक्त बिस्कीट चहात बुडवत.

शनिवारी सकाळी तिघं शिडीनं वर चढली : सिरिल, ब्रायनी आणि नेल. आत ऊब होती. जुन्या रबराचा आणि धुळीचा वास होता, आणि कोपऱ्यात नारिंगी नळी फुसफुसत होती. नेलनं दोन आठवड्यांत पहिल्यांदाच टोपी काढली. पुढे वरच्या अंगाला दोन खुर्च्या, त्यांना काचा, आकाश, सगळं. मागे अंधारात तीन खुर्च्या, शेपटीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या मुलांसारख्या भिंतीला लागून.

सिरिल मधल्या खुर्चीत टेकले. हात आपोआप समोरच्या फळीवर गेले.

"इथं टोमॅटोचं सूप गरम करायची सोय होती," ते म्हणाले. "बाँब टाकायला जाताना पोटात काहीतरी गरम हवं."

"सिरिल, मला एवढंच लिहायचंय," ब्रायनीनं कागद पुढे धरला. "काही झालं तर माणसं बाहेर कशी पडायची?"

"पुढची दोघं? त्यांनी एक दांडी ओढायची. छप्पर उडायचं आणि ती खुर्चीसकट बाहेर. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"आणि तुम्ही तिघं?"

"आमचं सोपं होतं. पट्टे सोडायचे, उठायचं, जमिनीतलं ते दार उघडायचं, आणि घसरत जायचं खाली. चाक बाहेर असेल तर तेवढं चुकवायचं."

"उडणाऱ्या खुर्च्या तुम्हाला का नव्हत्या?"

"विचार झाला होता. वजन पडतं, खर्च येतो, आणि ही विमानं आता फार वर्षं राहणार नाहीत, तेव्हा कशाला, असं ठरलं. त्यानंतर वीसेक वर्षं उडवली आम्ही."

"यावर कुणी काही बोललं नाही?"

"बोललो की. आपसांत. कप विसळताना."

नळी फुसफुसत राहिली. नेल फळीवर कागद ठेवून विमान काढत होती. हातमोजे नसल्यामुळे ते विमानासारखं दिसत होतं.

"आमचा पायलट भला माणूस होता," सिरिल म्हणाले. "दर नाताळला मागच्या तिघांना एकेक बाटली द्यायचा. कशाबद्दल, ते कधी बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. दोन्हीकडून फार सभ्य माणसं होतो आम्ही."

"खरंच वेळ आली असती, तर किती वेळ लागला असता बाहेर पडायला?"

"सरावाच्या खोलीत फार छान वेळ लागायचा. नंतर चहा मिळायचा."

"आणि खरोखरीच्या विमानात?"

सिरिलनी फळीवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "असलं विचारू नये, बदके. विचारणाऱ्याला चिटणीस करतात."

डिसेंबरात वारसा मंडळाचे तपासनीस आले. त्यांनी तापमान पाहिलं, बारा पूर्णांक चार, आणि खूण केली. मुलांना विमानात बसवण्याच्या कल्पनेचं त्यांनी 'वारशाचा जिवंत वापर' म्हणून कौतुक केलं. चव्वेचाळिसाव्या पानावर हॉल्डनबींनी लिहिलं होतं : 'बाहेर पडण्याचा क्रम परंपरेनुसार.' यावरही खूण झाली. पुढच्या दोन खुर्च्या उडवणारी स्फोटकं चाळीस वर्षांपूर्वीच काढून नेली असल्यामुळे आता पुढचे काय नि मागचे काय, पाचांपैकी कुणीच उडून बाहेर पडू शकणार नाही, असं ब्रायनीनं निदर्शनास आणलं. तपासनीस म्हणाले, ही समानतेच्या दृष्टीनं स्वागतार्ह बाब आहे. ते बराकीत गेले नाहीत, कारण तिथे फार थंडी होती.

प्रमाणपत्र आलं. 'युद्धोत्तर काळातील सर्वांत महत्त्वाचे ब्रिटिश लष्करी विमान.' गावात मनुकांचा पाव वाटला गेला, हॉल्डनबींनी भाषण केलं आणि मध्येच रडले. त्यांच्या पत्नीनं बहिणीच्या घरून अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. (त्याच टपालानं तेच प्रमाणपत्र ब्रॅथर्बीलाही गेलं. चौकशीअंती असं कळतं, की देशात सर्वांत महत्त्वाची विमानं आजवर एकतीस झाली असून, दुसऱ्या क्रमांकाचं अद्याप एकही आढळलेलं नाही.)

प्रमाणपत्राबरोबर एक अट होती : तापमान कायम राखावं. म्हणून नळीही कायम झाली. बालवाडी बंद झाली नाही. 'बंद झाली' असं कुणी म्हटलेलं गावच्या मंडळाला आवडत नसे. ती 'पाळीपाळीनं' झाली. मुलं सतरा, जागा पाच. पहिले तीन दिवस पाच-पाच, चौथ्या दिवशी उरलेली दोन. म्हणजे दर मुलाला चार दिवसांतून एक दिवस शाळा, आणि दर आईला चार दिवसांतून एक दिवस काम. ब्रायनीनं हे फ्लॉवरच्या कारखान्यात मुकादमाला समजावून सांगितलं.

मुकादम भला माणूस होता. "तुझी अडचण कळते गं मला," तो म्हणाला. "पण फ्लॉवर रोज वाढतो. त्याला पाळी नाही." त्यानं तिला निरोपाचा म्हणून एक गड्डा दिला. चांगला मोठा, पांढराशुभ्र.

मंडळानं तिच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव केला. सातास शून्य. तो तिनंच लिहून घेतला.

गड्डा मिळाला त्या दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जानेवारीची यादी करायला बसली. चुलीवर फ्लॉवर शिजत होता. यादीत पाच रकाने : पुढे दोन, मागे तीन. पुढच्या जागांना खिडकी होती, त्यामुळे हॉल्डनबींच्या पणतवाचं नाव पुढे घालावं असं मॉडबाईंनी सुचवलं होतं, नुसतं सुचवलं होतं, आणि बालवाडीच्या बाईंच्या भाचीचंही. ब्रायनीची हरकत नव्हती. म्हणजे होती, पण दोन्हीकडची माणसं फार सभ्य होती. सगळ्यांची सोय लावता लावता पहिल्या तीन दिवसांत नेलचं नाव कुठेच बसेना.

नेल शेजारच्या खुर्चीत गुडघ्यांवर उभी राहून आपलं विमानाचं चित्र पुरं करत होती. तिनं पुढे दोन डोकी काढली आणि त्यांच्यावरचं छप्पर उडवलं. मागे तीन काढली, पाठमोरी. मग विमानाच्या खाली, कागदाच्या काठापर्यंत, ती गोल गोल डोकी काढत सुटली. वीस, तीस, मोजता येईनात इतकी. कागद संपला तेव्हा ती टेबलावर काढू लागली.

"पुरे गं राणी," ब्रायनी म्हणाली. "हे कोण आता एवढे?"

"बाकीचे."

पातेल्याचं झाकण वाफेनं थडथडत होतं. ब्रायनीनं ते सरळ केलं आणि पुन्हा यादीवर वाकली. नेलनं खडू खाली ठेवला, आईचा कागद आपल्याकडे ओढला आणि पाचही रकान्यांवरून एकेक बोट फिरवलं, आपलं नाव ओळखता येतं का ते बघत. मग तिनं मान वर केली.

"आई, आपण पुढचे, मागचे, की बाकीचे?"